रंगकामासाठी फळी, घोडे आणि परांची: पाय ठेवायच्या जागेची तयारी

रंगाचा डबा उघडण्याआधी मी एक काम करतो. ज्या फळीवर उभं राहायचंय ती जमिनीवर उलटी टाकतो आणि तिची दोन्ही टोकं हाताने चाचपतो. ही सवय मला लागली ती एका पडण्यातून. एका बाजूला उंच स्टूल, दुसऱ्या बाजूला खिडकीचा कट्टा आणि मध्ये फळी, असा माझा मांड होता. फळी भक्कम होती, तिच्यावर दोन माणसं सहज उभी राहिली असती. छताच्या कोपऱ्यात वीतभर पट्टी राहिली होती, म्हणून मी एक पाऊल पुढे टाकलं आणि ते स्टुलाच्या पलीकडे पडलं. मागचं टोक उचललं गेलं. मी खाली, माझ्यावर फळी आणि फळीवरून ओघळणारा प्रायमर. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं.

फळी मध्ये मोडेल अशी भीती सगळ्यांनाच असते. टोकाची भीती कुणाला वाटत नाही. म्हणून पुढे टोकांबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे.

आधी ठरवा, चढायचं कशासाठी

निम्मं काम चढल्याशिवाय होतं. रोलरला लांब दांडा लावला की १० फुटी छताचा मधला सगळा भाग जमिनीवरून रंगवता येतो, आणि तसा तो जास्त एकसारखाही दिसतो, कारण पट्टे लांब पडतात आणि जोड कमी येतात. चढावं लागतं ते चार कामांसाठी: छत खरवडणं, लांबी (भेगा-खड्डे बुजवायची पुट्टी) भरणं, घासकागद मारणं आणि कडेची पट्टी ब्रशने काढणं. यातल्या पहिल्या तीन कामांत हाताचा जोर लागतो. जोर लावला की अंग उलट दिशेने ढकललं जातं, म्हणून शिडीच्या अरुंद पायरीवर उभं राहून घासकाम करू नये. तिथे रुंद फळीच हवी.

फळी किती उंचीवर बांधायची याचा हिशोब सोपा आहे. छतासाठी काम करताना डोकं आणि छत यांच्यात एक वीत अंतर राहिलं पाहिजे. छत १० फूट आणि तुमची उंची साडेपाच फूट असेल, तर साडेचार फूट उरतात. त्यातून वीतभर, म्हणजे ९ इंच वजा केले की पावणेचार फूट. एवढ्या उंचीवर कोपर वाकलेलं राहतं, मान मागे टाकावी लागत नाही आणि लांबीची पट्टी (पातळ पत्र्याचं हत्यार) मारताना जोर खांद्यातून येतो. फळी फुटभर खाली असली तर तासाभरात खांदे भरून येतात आणि माणूस नकळत टाचा उचलून काम करू लागतो. टाचा उचलल्या की तोल गेलाच म्हणून समजा.

भिंतीसाठी गुडघ्यापासून कपाळापर्यंतचा पट्टा तुमचा. त्याच्या वर हात ताणायचा नाही आणि त्याच्या खाली वाकायचं नाही, फळी हलवायची. हलवायचा कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे. मलाही येतो.

कशावर उभं राहायचं

खोलीतल्या कामाला दोन घोडे आणि त्यावर फळ्या याला तोड नाही. घोडा म्हणजे चार पसरट पायांचा, वर आडवा दांडा असलेला आधार, लाकडी किंवा लोखंडी. उंची कमीजास्त करता येणारा असेल तर उत्तम, फक्त उंची धरून ठेवणारी खीळ मूळचीच असली पाहिजे. तिच्या जागी खिळा किंवा तारेचा तुकडा खुपसलेला दिसला तर तो घोडा बाजूला ठेवा.

घडीच्या दोन शिड्यांमध्ये फळी टाकून काम करणारे खूप असतात. यात एक गोची आहे. साध्या घडीच्या शिडीला मागच्या बाजूला ज्या आडव्या पट्ट्या असतात त्या पायांचा ताठपणा राखण्यासाठी असतात, वजन झेलण्यासाठी नाही. दोन्ही अंगांना भक्कम पायऱ्या असलेली आणि फळी झेलायला बनवलेली शिडी वेगळी मिळते. शिडीवरच्या सूचनेत फळीचा उल्लेख नसेल तर तिच्यावर फळी टाकू नका. शिडी पूर्ण उघडून अडसर बसल्याशिवाय चढू नये, हे वेगळं सांगायला नको.

विटांची चळत, रंगाचे रिकामे ड्रम, खुर्चीवर ठेवलेलं स्टूल, टेबलाचा खण या गोष्टी आधार नाहीत. विटांची चळत सरळ खाली दाब असेपर्यंत उभी राहते; बाजूने जरा धक्का लागला की वरची वीट घसरते, आणि पट्टी मारताना बाजूचा धक्का दर मिनिटाला बसतोच.

मोठ्या हॉलसाठी चाकांचा मनोरा सोयीचा. त्याचे नियम थोडे आणि कडक आहेत. चारही चाकांचे ब्रेक लावल्याशिवाय चढायचं नाही, आतल्या बाजूने चढायचं आणि माणूस वर असताना मनोरा हलवायचा नाही. वर उभं राहून भिंतीला हात लावून स्वतःला पुढे ओढत नेणारे पाहिलेत का? मी पाहिलेत. फरशीच्या एका उंचवट्यावर चाक अडलं की तळ जागेवर राहतो आणि वरचा माणूस पुढे जातो. मनोऱ्याची उंची तळाच्या अरुंद बाजूच्या तिपटीपेक्षा जास्त नसावी. बनवणाऱ्याने त्याहून कमी सांगितली असेल तर त्याचं ऐकायचं.

गच्चीवरून सोडलेला झुला हा घरच्या हौशी माणसाचा विषय नाही. तो लावणाऱ्यांकडून लावून घ्यायचा आणि चालवायलाही त्यांनाच द्यायचा.

फळी निवडणं

आता मुख्य माल. लाकडी फळी घ्यायची तर पुरी २ इंच जाड आणि ९-१० इंच रुंद घ्या. ती उभी करून डोळ्याच्या रेषेत धरा आणि लांबीवरून नजर फिरवा. पिळलेली फळी घोड्यावर तीन कोपऱ्यांवरच टेकते आणि चौथा कोपरा पाय पडला की टक्कन आपटतो. तो आवाज आला की माणूस दचकतो, आणि उंचीवर दचकणं हाच अपघात.

मग रेषा बघा. लाकडाच्या रेषा फळीच्या लांबीला समांतर धावायला हव्यात. त्या तिरक्या होऊन काठातून बाहेर पडत असतील तर लाकूड तिथूनच फाटेल. गाठी सगळ्याच लाकडांत असतात. मधोमध असलेली, घट्ट बसलेली लहान गाठ चालते. काठावरची मोठी गाठ किंवा हलणारी गाठ चालत नाही, कारण तेवढ्या रुंदीची फळी तिथे नाहीच असं धरावं लागतं.

टोकांवर चिरा असतात, कारण लाकूड वाळताना टोकांतून आधी सुकतं. चीर बोटभर लांबीची असेल तर टोकाला पत्र्याची पट्टी गुंडाळून आवळा. ती वीतभर आत गेली असेल तर तेवढं टोक कापून टाका आणि फळी आखूड झाल्याचं दुःख करू नका. नखाने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ठिकठिकाणी टोचून बघा, लाकूड मऊ लागलं तर आत कुज आहे. हातोडीने हलकेच ठोकत जा. निरोगी फळी टणटणीत बोलते, पोखरलेली थपथप आवाज देते.

फळीवर उड्या मारून ती तपासायची एक पद्धत सर्रास चालते. ती सोडून द्या. जोराच्या धक्क्याने लाकडाचे तंतू आतल्या आत दबतात, वरून काही दिसत नाही, आणि परीक्षेत पास झालेली फळी चार दिवसांनी कामावर असताना जाते. दोन विटांवर फळी ठेवून मध्ये शांतपणे उभं राहायचं, किती वाकते ते बघायचं, कडकड ऐकू येते का ते ऐकायचं. एवढं पुरे.

स्लॅबच्या कामातून उरलेल्या फळ्या फुकटात मिळतात म्हणून मोह होतो. त्यांना सिमेंटचा थर असतो, खिळ्यांची भोकं असतात आणि त्या बऱ्याचदा १ इंचाच्याच असतात. रंगवलेली फळीही घेऊ नका. रंग चिरा झाकतो. हे रंगकाम करणाऱ्या माणसाने म्हणावं हे विचित्र वाटेल, पण रंग लावला की चिरा दिसत नाहीत हे आपल्यापेक्षा कोण जास्त जाणतं!

अॅल्युमिनियमची फळी हलकी असते, वाकत कमी, आणि टोकाला आकडे असतील तर घसरतही नाही. तिच्या पाठीवर किती किलो झेलते ते लिहिलेलं असतं. एकच तोटा म्हणजे ती विजेची वाहक आहे, तेव्हा तारांजवळ तिचं काम नाही.

जाडी आणि दोन आधारांतलं अंतर

दोन आधार ८ फुटांवर, फळी १० इंच रुंद आणि २ इंच जाड, मधोमध माणूस आणि त्याचं सामान मिळून १०० किलो. चांगल्या लाकडाची अशी फळी साधारण १ सेंटिमीटर वाकते. जाडी १ इंच केली की तीच फळी त्याच वजनाखाली ८ पटींनी, म्हणजे ८ ते ९ सेंटिमीटर वाकते. अर्धी जाडी म्हणजे अर्धी ताकद असं वाटतं, पण ताठपणा जाडीच्या घनाने घटतो. अंतराचंही तसंच. आधार दुप्पट लांब नेले की वाक ८ पट.

याच कारणाने मी २ इंची फळीसाठी ८ फूट ही हद्द धरतो. एका माणसाच्या हलक्या कामाला १० फूट ही शेवटची मर्यादा, आणि ती फक्त निर्दोष लाकडासाठी. वाक किती चालेल? आधारांमधल्या अंतराचा साठावा भाग. ८ फुटांना तो दीड इंचाहून थोडा जास्त येतो. त्याहून जास्त वाकणारी फळी मोडली नाही तरी प्रत्येक पावलाला उसळते, आणि उसळत्या फळीवर सरळ रेघ निघत नाही.

रुंदी किमान दीड फूट असावी, म्हणजे दोन फळ्या शेजारी शेजारी. त्यांना खालून आडव्या पट्ट्या मारून एकजीव करा. सुट्या ठेवल्या तर एक वाकते, दुसरी नाही, आणि मधल्या पायरीला अंगठा अडकतो.

टोक

१० फुटी फळी घ्या, वजन साधारण २० किलो. दोन्ही बाजूंना २-२ फूट बाहेर काढून आधार दिला. म्हणजे फळीचं मध्य जवळच्या आधारापासून ३ फुटांवर. ७० किलोचा माणूस अगदी टोकावर गेला. त्याची बाजू (वजन गुणिले आधारापासूनचं अंतर) ७० गुणिले २, म्हणजे १४०. फळीची बाजू २० गुणिले ३, म्हणजे ६०. फळी उलटणार, यात शंका नाही.

आता १ फूटच बाहेर काढली तर माणसाकडे ७० आणि फळीकडे २० गुणिले ४, म्हणजे ८०. कशीबशी तरली. अर्धा फूट काढली तर ३५ विरुद्ध ९०, आणि आता निवांत. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर अर्ध्या फुटापेक्षा कमी बाहेर असेल तर फळी जराशी सरकताच आधारावरून निसटते. म्हणून माप ठरलं: १० फुटांपर्यंतच्या फळीचं टोक आधाराच्या बाहेर अर्धा फूट ते एक फूट. लांब फळीला दीड फुटापर्यंत चालतं.

त्यातही सरकणं थांबवायला फळीच्या खाली, घोड्याच्या दांड्याला आतून भिडेल असा लाकडी गुटका दोन्ही बाजूंना स्क्रूने बसवा. पाच मिनिटांचं काम आहे. मग फळी लांबीच्या दिशेने सरकूच शकत नाही. वरच्या अंगाला आधाराच्या रेषेवर लाल रंगाचा ठळक पट्टा मारा. फळी रंगवू नये असं मीच म्हटलंय, पण हा दोन बोटांचा पट्टा माफ. नजर वर छताकडे असताना पायाशी लाल दिसलं की थांबायचं. पट्ट्याजवळ एक बारीक पट्टी आडवी ठोकली तर बघावंही लागत नाही, पायालाच कळतं.

सलग लांब मांड करायचा असेल तर दोन फळ्यांची टोकं एकाच आधारावर एकमेकांवर चढवा, किमान १ फूट. जोड नेमका आधारावर यायला हवा. तिथे पायाला ठेच लागेल असा उंचवटा तयार होतो, त्याला दोन्ही बाजूंनी उतरती पाचर मारून घ्या.

मांडणी

रंगकामात एक खास घोळ होतो. फरशी खराब होऊ नये म्हणून आपण प्लास्टिक अंथरतो, वर्तमानपत्रं पसरतो, आणि त्यावरच घोडे उभे करतो. गुळगुळीत फरशीवर प्लास्टिक म्हणजे घसरगुंडी. घोड्याच्या पायांखालचं प्लास्टिक कापून काढा आणि पाय थेट फरशीवर, खाली रबराचा तुकडा देऊन टेकवा. बाकीची फरशी झाकलेली राहू द्या.

अंगणात माती असेल तर प्रत्येक पायाखाली रुंद फळीचा तुकडा हवा, नाहीतर एक पाय रुतणार. उतार असेल तर आधी जमीन सपाट करा. पायाखाली दगडाची चीप सरकवून पाणसळ (बुडबुड्याने सपाटी दाखवणारं साधन) लावून जुळवलेली फळी दुपारपर्यंत टिकत नाही.

चढण्याआधी डोक्यावर बघा. पंख्याचा मेन बंद करा. बटण बंद केलेला पंखा कुणीतरी येऊन सुरू करतं. बाहेर उघड्या वीजतारांपासून १० फुटांच्या आत फळी, शिडी किंवा लांब दांड्याचा रोलर यातलं काहीच जाता कामा नये. जाणार असेल तर वीज कंपनीला सांगून तार बंद करून घ्या.

जिना

जिन्याचा कोपरा हे घरातलं सगळ्यात अडचणीचं काम. जमीन दोन उंच्यांवर असते आणि रंगवायची भिंत सगळ्यात खोल जागेवर उभी.

खालच्या चौकातल्या (जिन्याच्या सपाट जागेतल्या) भिंतीला सरळ शिडी टेकवा. शिडीचे पाय भिंतीपासून मागे सरकू पाहतात, तेव्हा ते अशा जागी ठेवा की त्यांच्या मागे वरच्या पायरीचा उभा भाग येईल. तोच त्यांना अडवतो. तिरपाई चारास एक: शिडीचा माथा ८ फुटांवर टेकत असेल तर पाय भिंतीपासून २ फुटांवर. माथ्याला कापड गुंडाळा, म्हणजे भिंतीवर चरे पडत नाहीत. ज्या भिंतीला शिडी टेकली आहे तीच रंगवायची असेल तर शिडीमागचा पट्टा शेवटी, शिडी हलवून करावा लागतो, याची आधीच मनाशी नोंद ठेवा.

फळीचं एक टोक शिडीच्या दांडीवर, दुसरं वरच्या चौकात ठेवलेल्या घोड्यावर. शिडीची दांडी गोल आणि अरुंद असते, फळी तिच्यावर नुसती ठेवून भागत नाही. दोरीने दोन वेढे देऊन बांधा, आणि वेढे फळी व दांडी दोघींना धरून असावेत. मग फळीवर पाणसळ ठेवा. बुडबुडा मध्ये नसेल तर शिडीची दांडी बदला किंवा घोड्याची उंची बदला. विटेचा तुकडा घालून जुळवू नका.

पहिलं पाऊल टाकताना एका हाताने शिडी धरलेली असू द्या आणि वजन हळूहळू सोडा. खाली कुणीतरी असणं चांगलं, मात्र त्याने फळीच्या खाली उभं राहू नये. आणि जिन्याचा वापर तेवढा वेळ बंद. धावत वर येणारी मुलं पाट्या वाचत नाहीत, दोरी आडवी बांधा.

बाहेरची परांची

एका मजल्यापलीकडची परांची बांधणाऱ्यांकडूनच बांधून घ्या. तुमचं काम आहे चढण्याआधी ती नजरेखालून घालणं. उभे बांबू किंवा नळ्या ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभे, आहेत का, खाली रुंद पाट आहेत का, परांची इमारतीला ठिकठिकाणी बांधली आहे का. नुसती टेकवलेली परांची वाऱ्याने भिंतीपासून सुटते. फळ्या भिंतीपासून १ फुटापेक्षा लांब नकोत, नाहीतर मधल्या फटीतून माणूस जातो. बाहेरच्या अंगाला कमरेच्या वर कठडा, त्याच्या निम्म्यावर आणखी एक आडवा दांडा, आणि फळीच्या काठावर ४ इंच उंचीची पट्टी. ती पट्टी पायासाठी तर आहेच, पण त्याहून जास्त खालच्या माणसासाठी आहे, कारण तिच्यामुळे लांबीची पट्टी, डबा, हातोडी पायाच्या धक्क्याने खाली जात नाही.

बांबू काथ्याने किंवा सुंभाने बांधले असतील तर एक लक्षात ठेवा. असे दोर भिजले की फुगून आवळतात आणि वाळले की सैल होतात. पावसात घट्ट लागलेली गाठ दोन दिवस ऊन पडल्यावर पुन्हा हाताने बघावी लागते.

काम वरून खाली करत या. वर रंगवताना उडालेले थेंब खालच्या न रंगवलेल्या भिंतीवर पडतात, त्यामुळे नंतर पुसापुशी उरत नाही.

वर असताना

२० लिटरचा रंगाचा डबा जवळपास २८ ते ३० किलोचा असतो, म्हणजे फळीवर अर्धा माणूस वाढला. तो खाली राहू द्या. २-३ लिटर लहान बादलीत घ्या आणि बादली आकड्याने कठड्याला किंवा घोड्याला लटकवा. फळीवर ठेवलेली बादली हमखास मागच्या पायाखाली येते. सांडलेला रंग त्याच क्षणी पुसा, घासकामाची भुकटी झाडून टाका; कोरडी भुकटीही पायाखाली साबणासारखी सरकते. चपला नकोत, घट्ट बसणारे रबरी तळाचे बूट हवेत.

दोघं काम करत असाल तर एकाच फळीच्या एकाच बाजूला जमू नका. एक उतरणार असेल तर त्याने आधी सांगायचं, कारण त्याचं वजन गेलं की फळी उसळते आणि दुसऱ्याचा ब्रश भिंतीवर रेघ ओढतो.

आणि रंगाऱ्याची जुनी खोड: पट्टा मारून झाला की एक पाऊल मागे सरून डोळे बारीक करून बघायचं. जमिनीवर ही सवय चांगली. फळीवर मागे जमीन नसते. काम बघायचं असेल तर खाली उतरा, खोलीच्या दारात उभे राहा आणि तिथून बघा. राहिलेले डाग तिथूनच दिसतात.

काम संपल्यावर

फळ्या वरून फेकू नका, दोघांनी हातोहात उतरवा. ओला रंग ओल्या कपड्याने आणि सुकलेला लांबीच्या पट्टीने खरवडून काढा, म्हणजे पुढच्या वेळी रेषा आणि चिरा दिसतील. सावलीत, जमिनीपासून वर, तीन ठोकळ्यांवर आडव्या रचा: दोन टोकांजवळ, एक मध्ये. भिंतीला तिरप्या टेकवून ठेवलेली फळी काही महिन्यांत पोट काढते. बाद केलेली फळी तिथेच ठेवली तर घाईत कुणीतरी ती उचलतंच. तिचे दोन फुटी तुकडे करून टाका, ते शिडीच्या पायाखाली द्यायला उपयोगी पडतात.